खणलेली जमीन सारखी झालीच पाहिजे!

साथींनो,

आपण रेल्वेवाले आणि पोस्टवाले. आपल्या सभेत खाणीचा विषय कशाला, असे काही बंधूंनी विचारले. ज्या कोलकात्यात आज आपण बसलो आहोत, तिथेच कोल इंडियाची मुख्य कचेरी आहे. १८५५ साली हावड्याहून राणीगंजपर्यंत रेल्वे गेली, ती मुख्यतः कोळशासाठी. तेव्हापासून हा कोळसा आम्ही रेल्वे कामगार वाहत आलो. तो नेल्यावर मागे काय उरते, हे पाहणेही आमचे कर्तव्य आहे.

उघड्या खाणीत वरची माती, मुरूम, दगड काढल्याशिवाय कोळसा हाती लागत नाही. कोल इंडियाच्या खाणींत एक टन कोळशामागे सरासरी दोन घनमीटरांहून जास्त माती-दगड उपसावा लागतो. कोळसा आमच्या वॅगनमधून जातो. दगड-माती मात्र गावाच्या उशाशी डोंगर होऊन बसते. पावसात ती शेतात आणि नाल्यात उतरते. चंद्रपूरला इरई नदीकाठच्या अशा ढिगाऱ्यांमुळे पूर वाढतो, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

नियम आहेत. ढीग ३० मीटरहून उंच असेल तर पायऱ्या पाडायच्या, आणि एकूण उतार एक उभा, दीड आडवा याहून खडा ठेवायचा नाही. आमच्या गँगमन बंधूंना उताराची गोष्ट शिकवायला नको. रेल्वेचा भराव आम्ही साधारण एकास दोन उताराने, थरावर थर दाबून घालतो. तरीही पावसाळ्यात रात्र-रात्र गस्त घालतो. इथे तर डंपरने ओतलेली मोकळी माती!

ही माती माणसे गिळते. १९६६ साली वेल्समधील ॲबरफान गावात खाणीचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमध्ये, राजमहल प्रकल्पाच्या ललमटिया खाणीत दगड-मातीचा कडा कोसळला. २३ कामगार मेले. ते ठेकेदाराकडचे होते.

मग करायचे काय? कोळसा काढून झालेल्या भागात मागून भर घालत यायचे. ढिगाऱ्याचा माथा डोझरने उतरवून उतार सौम्य करायचा. पाणी जुन्या नाल्याकडे जाईल असे चर काढायचे. सुपीक माती सुरुवातीलाच वेगळी ठेवलेली असेल, तर ती वर पसरायची. मग गवत आणि झाडे. नुसती झाडे लावून फोटो काढणे म्हणजे जमीन परत करणे नव्हे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने जमिनीचा मूळ चढउतार जवळपास तसाच परत करणे खाणवाल्यांना बंधनकारक केले.

आपल्याकडेही २००९ च्या सूचनांनी खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये हा मूळ दर धरून वेगळ्या खात्यात ठेव ठेवायची ठरली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट घालण्यास सांगितले. म्हणजे कायदा आहे, पैशाची सोयही आहे. कमी आहे ती जाब विचारणाऱ्यांची.

तेव्हा आमचे म्हणणे असे. खाणीच्या आराखड्याची प्रत गावाला तिच्या भाषेत मिळावी. उतार मोजताना कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. ठेकेदाराच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच संरक्षण मिळावे. आणि जमीन सारखी झाल्याचा दाखला ग्रामसभेपुढे वाचल्याशिवाय ठेवीचा पैसा सुटू नये.

पोस्टमन बंधूंनो, खाणीत गाव गेले की तुमच्या थैलीतला एक पत्ता कायमचा पुसला जातो. त्या गावचा माणूस कुठे गेला, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक नसते. त्याला गाठा, त्याच्या हक्काची माहिती द्या. साइडिंगवरच्या रेल्वे कामगारांनी ढिगाऱ्याला पडलेली भेग दिसताच वरिष्ठांना लेखी कळवावे आणि युनियनला प्रत द्यावी.

जमीन खणणाऱ्याने ती सारखी करून द्यावी, एवढेच आपले मागणे आहे. ते आपण मिळवू.

कामगार एकजुटीचा विजय असो!