बातमीतील गुन्हेगार



एखाद्या कारकुनाने अफरातफर केली, तर बातमीत त्याची जात कोणी सांगत नाही. संशयित पारधी असला, की मात्र ‘पारधी टोळी’ हे शब्द दूरचित्रवाणीच्या पडद्यावर झळकू लागतात. गुन्हा एकाचा, डाग अवघ्या जमातीला!

अशा चित्रांचा मनावर काय परिणाम होतो? गिलियम व अय्यंगार या अभ्यासकांनी लॉस एंजलिसच्या प्रेक्षकांना स्थानिक बातम्या दाखवून हे पाहिले. त्यांचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. काहींना दाखविलेल्या बातमीत संशयिताचा चेहराच नव्हता. तरी त्यांपैकी शेकडा ६० जणांना तो पाहिल्याचे स्मरले. आणि अशांपैकी शेकडा ७० जणांनी तो कृष्णवर्णीय होता असे सांगितले. पडद्यावर नसलेला चेहरा मनाने पुरविला.

आपल्याकडे तो चेहरा कायद्यानेच रेखाटला. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो रद्द झाला. मनातील चित्र मात्र पुसले गेले नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या सहा जणांस फाशी फर्माविली. त्याच न्यायालयाने २०१९ साली त्यांस निर्दोष सोडले आणि त्यांना खोटेपणाने गोवल्याचे नमूद केले.

याच चित्राने आपल्या खानदेशातही घात केला आहे. १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती, दूरचित्रवाणीवरून नव्हे. परंतु ‘परका, भटका, म्हणून चोर’ हे समीकरण मनात आधीच तयार नसते, तर ती अफवा इतकी सहज खरी वाटली असती काय?

रावेरसारख्या गावी सातपुड्यातील भिल्ल-पावरा बाजारास येतात. भटकी माणसे बिऱ्हाड घेऊन फिरतात. त्यांची आपली ओळख थोडी. बातम्यांतील चित्र मात्र रोजचे. म्हणून बातमी ऐकताना दोन प्रश्न विचारावेत: आरोप सिद्ध झाला आहे काय? आणि गुन्हा कळण्यास जातीचे नाव खरोखर आवश्यक होते काय? शेजारी मुले बसलेली असतील, तर हे प्रश्न मोठ्याने विचारावेत. त्यांच्या मनात ते चित्र अजून पुरते उमटलेले नसते.