मजुरी वाढली तर काम जाते काय?



आमच्या शाळेच्या पालकसभेत यंत्रमागावर काम करणारे एक पालक मला म्हणाले, "सर, मजुरी वाढवून मागितली की मालक म्हणतात, माग बंद करीन. मग आम्ही काय करावे?" बी. ए.ला मी अर्थशास्त्र घेतले होते. आमच्या पुस्तकात मालकाचेच उत्तर छापलेले होते. भाव चढला की मागणी उतरते, मग ती कांद्याची असो की कामगाराची. हे उत्तर प्रत्यक्ष मोजून पाहिले ते अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी. त्यांचीच हकीकत येथे सांगतो.

डेव्हिड कार्ड हे मूळचे कॅनडाचे, शेतावर वाढलेले. अ‍ॅलन क्रूगर हे त्यांचे सहकारी. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. मध्ये केवळ एक नदी. या दोघांनी न्यू जर्सी व पूर्व पेनसिल्व्हेनियातील ४१० उपाहारगृहांत वाढीपूर्वी आणि पुन्हा वर्षअखेरीस कामगार मोजले. जे दुकान कायमचे बंद पडले तेही गाळले नाही. तेथे कामगार शून्य, असे मांडले. (बंद दुकाने गाळली असती तर हिशेब आपोआप गोड झाला असता. हजेरीपट भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना ही युक्ती ठाऊक आहे.)

दोन अर्धवेळ कामगारांचा एक धरला, तर न्यू जर्सीत दर दुकानी सरासरी २०.४ वरून २१ वर गेली. पेनसिल्व्हेनियात मात्र ती २३.३ वरून २१.२ वर उतरली. न्यू जर्सीत खाद्यपदार्थांचे भाव काहीसे चढले, म्हणजे थोडा भार गिऱ्हाइकावर पडला. पण नोकऱ्या गेल्या नाहीत. याचे एक कारण असे सांगतात की, कामगाराला सहज दुसरीकडे जाता येत नाही तेथे मालक वेतन दाबून ठेवू शकतो. असे दाबलेले वेतन थोडे वाढले तर रिकाम्या जागा उलट भरतात.

१९९४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि मोठा वाद माजला. न्यूमार्क व वॉशर या अभ्यासकांनी पगारपत्रके जमवून उलट निष्कर्ष काढला. २००० साली कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदी तपासून आपले म्हणणे पुन्हा मांडले. या वादात आपले अनेक मित्र दुरावले, असे कार्ड यांनी पुढे सांगितले. त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले; क्रूगर २०१९ मध्येच वारले होते.

वेतन कितीही वाढवा, असे कार्ड म्हणत नाहीत. त्यांचा हिशेब ८० सेंटांच्या वाढीचा आहे. कामगार संघटनांवरही त्यांनी पुष्कळ काम केले. संघटित कामगारांत वेतनाची तफावत कमी असते. अमेरिकेत संघटना ओसरल्या, आणि पुरुष कामगारांतील विषमता वाढण्याचे तेही एक कारण ठरले.

त्या पालकांना मी एवढेच म्हणालो, "गेल्या खेपेस मजुरी वाढली तेव्हा तुमच्याकडे किती माग बंद झाले आणि वाढ न झालेल्या शेजारच्या गावात किती, ते लिहून काढा." ते हसले. "वही कोण ठेवणार, सर?" त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात दहावीला आहे, गणित बरे आहे. वही त्याच्याकडे दिली आहे.