तसबिरीचा पंचनामा



मनुष्याची तसबीर काढण्याची विद्या शिकू इच्छिणारा आजचा तरुण प्रथम कॅमेऱ्याच्या दुकानात जातो, नंतर एखाद्या शिकवणीवर्गात नाव घालतो, आणि या दोन्ही ठिकाणी यथाशक्ति द्रव्य खर्च झाल्यावरही आपण काढलेल्या चित्रातले काका हे पासपोर्टावरल्या काकांपेक्षा निराळे का दिसत नाहीत, अशी शंका त्याच्या मनात उद्भवली म्हणजे मग कोठे त्याला या कलेतील पूर्वसूरींचे स्मरण होते. हा क्रम मला उफराटा वाटतो. थोरांची चित्रे पाहावीत असा उपदेश सर्वच करतात. परंतु ‘पाहावीत’ म्हणजे नेमके काय करावे, हे सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, आणि म्हणून आजचे व्याख्यान मी तेवढ्याच एका मुद्द्याला वाहिले आहे.

माझे म्हणणे असे की, घडून गेलेल्या प्रसंगाचा पंचनामा करणारा मनुष्य जसा दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या घटनेकडे मागे मागे जातो, तसे उत्तम तसबिरीपुढे बसून परिणामाकडून कारणाकडे जावे. हाती एक साधे भिंग घ्यावे आणि ते प्रथम चित्रातील डोळ्यावर धरावे. बुबुळात एक पांढरा ठिपका दिसेल. तो चौकोनी असेल तर प्रकाश बहुधा खिडकीतून आला असावा. वाटोळा असेल तर दिव्याच्या तबकडीतून किंवा छत्रीतून. दोन ठिपके असतील तर दिवे दोन असण्याचा संभव फार. नंतर नाकाची सावली पाहावी. ती ओठांकडे लांब उतरली असेल तर दिवा उंच होता, गालावर आडवी पसरली असेल तर तो बाजूस होता. आणि तीच सावली गालाच्या छायेस जाऊन मिळून डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण शिल्लक राहिला असेल, तर रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाणारी जुनी मांडणी आपल्या समोर आहे असे समजावे. एवढा तपशील कागदावर लिहून काढावा, आणि मग घरातल्या कोणाला तरी खिडकीशी बसवून तीच सावली त्याच जागी पाडता येते की नाही ते पाहावे. सावली जागच्या जागी पडेपर्यंत दुसऱ्या चित्राकडे वळू नये.

या पद्धतीचे महत्त्व कळण्यास युसुफ कार्श याने काढलेल्या चर्चिलच्या विख्यात चित्राइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावा येथे कॅनडाच्या पार्लमेंटपुढे भाषण करून चर्चिल सभापतींच्या दालनात आला, तेव्हा आपले चित्र घेतले जाणार आहे याची वर्दी त्याला कोणी दिलेली नव्हती, आणि एकच चित्र घेण्यापुरती परवानगी त्याने मोठ्या नाखुषीने दिली. तोंडातली सिगार काही तो काढीना. कार्शने पुढे होऊन, क्षमा मागून, ती हलकेच ओढून घेतली. तो कॅमेऱ्याशी परत येईपर्यंत चर्चिलच्या मुद्रेवर जो संताप उमटला तो त्याने फिल्मच्या पट्टीवर धरला, आणि हिटलरशी झुंजणाऱ्या ब्रिटनचा निर्धार म्हणून तो संताप जगभर गाजला. ही कथा प्रत्येक हौशी छायाचित्रकाराला मुखोद्गत असते, आणि तिच्यातून तो घेतो काय, तर थोर माणसाशी थोडी आगळीक केली की उत्तम चित्र निघते! परंतु कार्शने आपले दिवे आणि कॅमेरा त्या दालनात आदल्या संध्याकाळीच मांडून ठेविले होते, ही गोष्ट त्याने स्वतः लिहून ठेविली असूनही फारशी कोणी सांगत नाही. चेहऱ्याच्या कडा पार्श्वभूमीपासून ज्या उजेडाने सुटून दिसतात, कमरेवर ठेवलेला हात ज्या उजेडात आपले वजन दाखवितो, तो उजेड सिगार ओढताना सुचलेला नाही. तो आदल्या रात्री सिद्ध होता, म्हणूनच त्या क्षणी कार्शला केवळ माणसाचा विचार करण्याची सवड मिळाली. त्याच बैठकीत पुढे चर्चिलने आपण होऊन आणखी एक चित्र घेऊ दिले, आणि त्यात तो प्रसन्न हसतो आहे. ती दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. व्यवस्था एकच असता मुद्रेने किती अंतर पडते, हे त्यावरून कळते.

आणि हा कार्श शिकला कसा? ऑटोमन मुलुखातील मार्दीन येथे 1908 मध्ये जन्मलेला, आर्मेनियनांच्या कत्तलीतून वाचून कॅनडात मामाच्या आश्रयास आलेला हा मुलगा बॉस्टन येथे जॉन गारो नावाच्या छायाचित्रकाराजवळ उमेदवारीस राहिला. गारो स्वाभाविक प्रकाशात काम करी, आणि शिष्याला रेम्ब्रांट व वेलास्केथ यांच्या चित्रांचा अभ्यास करावयास लावी. पुढे ओटावात आल्यावर कार्शने तेथील हौशी नाट्यगृहात रंगभूमीचे दिवे पाहिले आणि कृत्रिम प्रकाश आपलासा केला, म्हणजे गुरूने जे दिले नव्हते तेच त्याच्या नावावर चढले. गुरूची ऐपत ओळखून तिच्यापलीकडे जाण्यास आधी गुरूजवळ काही वर्षे काढावी लागतात. आज एकाकडून रंग, दुसऱ्याकडून अंधार आणि तिसऱ्याकडून बसण्याची ढब उसनी घेण्याची जी चाल पडली आहे, तिच्यातून हिशेब जुळत नाही.

दुसरा दाखला जूलिया मार्गारेट कॅमरन हिचा. ही बाई 1815 साली कलकत्त्यास जन्मली आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, 1863 च्या अखेरीस, मुलीने व जावयाने भेट दिलेल्या कॅमेऱ्यावर काम शिकू लागली. कोळशाची कोठडी ही तिची अंधारखोली आणि कोंबड्यांचे काचेरी खुराडे हा तिचा स्टुडिओ. तिने 1867 मध्ये काढलेले ज्योतिर्विद हर्शेल याचे चित्र पाहा: काळ्या वस्त्रात सगळा देह बुडालेला, वर विस्कटलेले शुभ्र केस, आणि त्या दोहोंमध्ये वृद्ध डोळे. छायाचित्र स्थिर करणाऱ्या हायपोचा गुण याच हर्शेलने प्रथम दाखविला होता, तेव्हा हे एका परीने विद्येने आपल्या उपकारकर्त्याला केलेले वंदन म्हणता येईल. तिची चित्रे अस्पष्ट आहेत म्हणून तत्कालीन पंडितांनी नाके मुरडली, आणि आता तीच अस्पष्टता यंत्रातले एक बटण दाबून मिळते. परंतु कारणे पाहा. तिच्या कॅमेऱ्यातली ओल्या कलोडियनची काच प्रकाशास मंद, म्हणून समोरच्या माणसाने कित्येक मिनिटे निश्चल बसावयाचे. ती काच निळ्या प्रकाशाला जागी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी, म्हणून त्वचेवरचा प्रत्येक लालसर डाग काळवंडून उमटावयाचा. इतका वेळ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून शिष्टाचाराचे हसू आपोआप गळून पडते. बटणाने अस्पष्टता येते. ती मिनिटे येत नाहीत.

आपल्याकडील राजा दीनदयाळ यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. रुडकीस अभियांत्रिकी शिकलेला आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेला हा मनुष्य निजामाच्या दरबारी मानास चढला आणि 1896 मध्ये मुंबईतही त्याने आपला स्टुडिओ थाटला. मला त्याच्या दरबारी चित्रांपेक्षा त्याची एक व्यवस्था अधिक शिकण्यासारखी वाटते: हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठी त्याने 1892 मध्ये स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला व तो एका आंग्ल बाईच्या देखरेखीखाली ठेविला. समोरचा माणूस निर्धास्त बसावा याची तजवीज हाही कारागिरीचाच भाग आहे, हे त्याने ओळखले होते.

एका बाबतीत मात्र छापील पुस्तके आपली फसगत करतात. पुस्तकात निवडलेलेच येते. रिचर्ड ॲव्हेडन याने 1979 ते 1984 या काळात अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांतील खाणकामगार, भटके, गुरेराखे अशा 752 माणसांना पांढऱ्या कागदापुढे उभे केले आणि सुमारे 17,000 पट्ट्या खर्ची घातल्या. लोकांपुढे आली ती त्यांतली अगदी थोडी. तेव्हा ज्याला शिकावयाचे आहे त्याने एका छायाचित्रकाराची, मिळतील तितकी, कमअस्सल ठरलेली चित्रेही पाहावीत. आपले गौतम राजाध्यक्ष यांचे ‘चेहरे’ हे पुस्तक बहुतेकांच्या पाहण्यात असेल. त्यातला मृदू, पसरलेला उजेड ओळखू येऊ लागला म्हणजे मग एखाद्या पानावर तो किंचित कमी का पडला, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

तरुण श्रोत्यांपैकी ज्यांना या विद्येची खरोखर आवड असेल त्यांनी या उन्हाळ्यात कॅमेऱ्याच्या नवीन भिंगाची खरेदी तहकूब ठेवावी, एकच छायाचित्रकार निवडावा, आणि त्याच्या निदान दहा तसबिरींचा लेखी पंचनामा पुढील वर्षीच्या व्याख्यानमालेपर्यंत पुरा करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.