ओट्याचा अंदाज

परतुरास नवें घर बांधतांना ओटा बहुधा शेवटीं आठवतो आणि उरल्यासुरल्या पैशांत उरकला जातो. परंतु उन्हाळ्याच्या रात्रीं घरांतील माणसें टेकतात तीं येथेंच. म्हणून त्याचा विचार आरंभींच व्हावा.

पहिला प्रश्न जमिनीचा. येथील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरच उभारलेला ओटा घरापासून सुटण्याची भीति असते. यास्तव पाया मुरूम लागेपर्यंत खणावा. ती खोली किती, हें खड्डा घेऊन आधीं पाहावें. तें कळल्याविना केलेला अंदाज व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न भरावाचा. भिंतींच्या आंत १२ फूट लांब, ८ फूट रुंद व २ फूट उंच जागा भरावयाची, तर १९२ घनफूट झालें. मुरूम पाणी घालून चोपला कीं बसतो. सव्वापट धरल्यास २४० घनफूट, म्हणजे जवळजवळ अडीच ब्रास. फुकट मिळते म्हणून काळी माती भरावांत घालूं नये.

वर परतुराप्रमाणेंच १९४८ पर्यंत निजामी अमलांत असलेल्या शहाबादची फरशी शोभते. तुटफुटीसाठीं ती दहावा हिस्सा अधिक घ्यावी आणि बाहेरच्या अंगास दर चार फुटांस इंचभर उतार ठेवावा. पायरी सहा इंचांहून उंच नसावी. वृद्धांस तीच जड जाते.

अखेरीस एकूण खर्चाचा दशांश अडचणीसाठीं राखावा. पैसा अपुरा पडल्यास ओटा लहान करावा, नक्षी गाळावी. पाया मात्र उथळ करूं नये, कारण फरशी पुढें केव्हांही बदलतां येते.