तीस की तेहतीस?
(पाचोरा येथील बैठकीतील भाषण)



सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या पाचोरा तालुक्यात अतिवृष्टी झाली. कपाशी पाण्यात उभी राहिली, बोंडे सडली, ज्वारीची कणसे काळी पडली. मग पंचनामे झाले. आमच्यातल्या एका भावाने पंचनाम्याची शूटिंग मोबाईलवर घेतली. पुढे कागदावरच्या आकड्यावरून वाद निघाला, तेव्हा आम्ही पाचसहा जण ओट्यावर बसून ती शूटिंग पुन्हा पुन्हा लावली. सडकी बोंडे स्वच्छ दिसतात, माणसांचे ओठ हलतात, आणि ऐकू येतो तो नुसता वारा आणि शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर! टक्के किती सांगितले, तीस की तेहतीस, देव जाणे. नुकसान ३३ टक्के भरले नाही तर सरकारी मदत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. कोणी खोटे लिहिले असे आम्ही म्हणत नाही. म्हणायला आमच्या हातात काही उरलेच नव्हते.

म्हणून हा बिनतारी माईक आणला. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. एक चिमटा सदऱ्याला, दुसरा तुकडा मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात. त्यात जादू काही नाही. आवाजाचा हिशेब असा, की अंतर निम्मे केले तर आवाजाचे बळ चौपट होते. मोबाईल दहा पावलांवर असतो, माईक हनुवटीखाली एक वीत. वारा तोच, ट्रॅक्टर तोच, पण बोलणे त्यांच्या वर निघते.

तरी वारा हा मोठा वैरी. माईकवर स्पंजाची टोपी असते, ती उघड्या वावरात पुरत नाही. केसाळ टोपी मिळते, ती घ्या. दिसायला उंदराच्या पिल्लासारखी दिसते, हसू नका. खांद्यावरचा रुमाल, बायांची पोत माईकला घासली की खरखर येते. माईक छातीवर, मोबाईलकडे तोंड करून लावा. या लहरी माणसाच्या अंगातून नीट जात नाहीत. पाठ फिरवली की आवाज तुटतो, दाट पऱ्हाटीतही तुटतो.

आम्ही स्वतः फसलो ते सांगतो. माईक जोडला, दिवा लागला, अर्धा तास शूटिंग केली. मोबाईलने आवाज मात्र आपल्याच भोकातून घेतला होता! काही मोबाईलचा कॅमेरा बाहेरचा माईक ओळखतच नाही. तेव्हा 'ओपन कॅमेरा' नावाचे फुकटचे ॲप घेऊन त्यात बाहेरचा माईक निवडावा लागतो. आधी दहा सेकंद घ्या, माईकवर नखाने टकटक करा, मग मोबाईलमधला तुकडा काढून ऐका. तो लावलेला असताना बऱ्याच मोबाईलमधून ऐकूच येत नाही. चार्जिंग रात्रीच करा, सकाळी लाईट असेलच असे नाही.

ज्यांना हजारही जड जातात त्यांनी वायरवाला माईक घ्यावा. स्वस्त पडतो, लहरी तुटण्याची भानगड नाही.

चोरून काही करू नका. साहेबांना सांगा, "साहेब, शूटिंग घेतो आहे." सुरुवातीला गाव, गट नंबर, तारीख बोला. अहिराणीत बोला, लाजू नका. साहेबांच्या सदऱ्याला चिमटा लावता येत नाही, तर त्यांचा आकडा आपल्या तोंडाने परत म्हणा : "साहेब, तुम्ही चाळीस टक्के म्हणालात ना?" कापूस खरेदी केंद्रावरही हेच करा. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, १२ च्या वर खरेदी नाही. ओलाव्याचे यंत्र दाखवा आणि आकडा मोठ्याने वाचा. जिनिंगच्या घरघरीत एरवी काही ऐकू येत नाही.

आणि मूळ शूटिंग मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीला प्रमाणपत्र जोडावे लागते. ते कसे करायचे ते वकिलाला विचारा.

माईक इथे टेबलावर आहे. एकेकाने या, गट नंबर बोला आणि आपलाच आवाज ऐकून जा.