कणांवर विणलेलं पाणी

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या दारांतून उसळणारं पाणी संगणकावर कसं उभं करतात?

एक पद्धत अशी : पाणी लाखो कणांत विभागायचं आणि शेजारच्या कणांचा दाब, गुरुत्वाकर्षण यांवरून प्रत्येकाची चाल मोजायची. १९७७ साली खगोलशास्त्रासाठी मांडलेली ही पद्धत १९९४ मध्ये मोनाहन यांनी धरणफुटीच्या गणितासाठी वापरली.

मात्र हाती येतात ते सुटे कण. मग सगळी जागा छोट्या घनांत वाटून प्रत्येक कोपऱ्यावर कणांची दाटी मोजतात. ठरलेल्या मर्यादेच्या वर पाणी, खाली हवा. ही सीमा घनातून जाते तिथे त्रिकोण बसवतात. लॉरेन्सन आणि क्लाइन यांची ही रीत १९८७ ची.

दाटी मोजताना प्रत्येक कणाच्या प्रभावाचा गोल मोठा धरला, तर पाणी फुगलेलं दिसतं. लहान धरला, तर गुठळ्या उमटतात. २०१० मध्ये यू आणि टर्क यांनी गोलाऐवजी शेजारच्या कणांच्या दिशेनं ताणलेले लंबगोल वापरले. त्यामुळे पाण्याचा पातळ पडदाही नेमका उमटतो.

पुराची पातळी लोकांना दाखवायची असेल, तर त्रिकोणांची ही जाळी कणांना घट्ट बिलगलेलीच हवी. फुगीर चित्रातली पातळी खरी नसते.