पुरीला उतरायचं कुठे?

जगन्नाथपुरीला जायचं ठरलं की हॉटेलच्या दरांआधी गावाचा नकाशा उघडा. मंदिर बडदांडावर, म्हणजे रथाच्या रुंद रस्त्यावर आहे, आणि समुद्र तिथून थोड्या अंतरावर. सोबत वयस्कर आईवडील असतील आणि पहाटेचं दर्शन हवं असेल, तर मंदिर प्रशासनाच्या भक्तनिवासाची चौकशी आधी करावी. मुलांना वाळूत खेळायचं असेल, तर किनाराच बरा.

किनाऱ्यावरही फरक आहे. स्वर्गद्वाराचा भाग बाजाराचा, रात्री उशिरापर्यंत गजबजलेला, आणि तिथेच स्मशानभूमीही आहे. श्रद्धाळूंना ती पवित्र वाटते, पण खिडकी कुठे उघडते हे विचारून घ्या. चक्रतीर्थ रस्त्याकडे त्या मानाने शांतता. मला तोच भाग आवडतो.

कोकणात आपण समुद्रात सूर्यास्त पाहतो. पुरीत हिवाळ्यात सूर्य समुद्रातून वर येतो, म्हणून समुद्राकडची खोली पहाटेसाठी घ्यावी. मात्र 'सी व्ह्यू' म्हणजे नेमकं काय, गॅलरीतून अख्खा समुद्र की दोन इमारतींमधली फट, हे फोनवर स्पष्ट विचारा. खाऱ्या हवेनं एसी आणि नळ लवकर गंजतात. पैसे भरण्याआधी दोन्ही चालवून पाहा.

आषाढातल्या रथयात्रेसाठी खोली काही महिने आधी ठरवावी लागते. आणि समुद्रात उतरणार असाल तर लक्षात ठेवा, पुरीच्या लाटांना ओढ फार असते. पाण्यात उतरताना जीवरक्षक किंवा नुलिया कोळी जवळ असलेली जागाच निवडा.